मनगटावरचा चंद्र

कर्जत, श्रावण वद्य चतुर्थी, १९४६. संध्याकाळ.

आज संकष्टी. हे गेल्यानंतरची पहिलीच. आभाळ गच्च भरलंय, चंद्र दिसायची आशा नाही. म्हणून यांचं घड्याळ पेटीतून काढलं. विलायतेला परतणाऱ्या साहेबाकडून घेतलेलं. त्यात वार, तारीख, महिना आणि खाली निळ्या तबकडीत एवढासा सोनेरी चंद्र. कशेळ्याच्या बाजारात लोक यांचं मनगट धरधरून बघायचे. मला मात्र तो चंद्रच हवा असायचा. पावसाळ्यात दर संकष्टीला हे म्हणायचे, "पंचांग राहू दे गं, हा बघ उगवला. जेव आता." आणि मी जेवायचे.

किल्ली कशी द्यायची ते धाकट्या दिराला विचारलं, तर तो म्हणाला, "वैनी, चंद्र कवा उगवतो ते ह्याला कळत नाय. आज केवढा हाय, तेवढंच दावतं."

म्हणजे इतके पावसाळे? दिवेलागण होते न होते तोच मला पाटावर बसवायचे, ते काय होतं? लबाड कुठले! माझी भूक यांना बघवत नव्हती, एवढंच ना?

किल्ली दिलीच नाही. तो चंद्र होता तिथंच राहू दिला.

पंचांग बघितलं. उगवायला अजून बराच वेळ आहे. जेव म्हणणारं आता कुणी नाही.