दोन वाजेपर्यंतची सही

प्रिय नाम्बोझो,

कंपालात परिचारिका परिषदेच्या कचेरीबाहेर बाकावर बसून लिहितेय. दोन वाजता मला आत बोलावतील आणि तुझ्या भिंतीवरच्या चौकटीबद्दल विचारतील. कागद मांडीवर ठेवलाय, अक्षर लावून घे.

तीन वर्षांपूर्वी तू नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेत नापास झालीस आणि त्याच महिन्यात गावच्या दवाखान्यातली नर्स सोडून गेली. डोंगरावरच्या बायकांना दुसरं होतं कोण? आई म्हणाली, "मोठीचं नर्सचं प्रमाणपत्र लाव दवाखान्याच्या भिंतीवर. तिला इस्पितळात कोण विचारतंय!" बहिणीनं बहिणीला सणाचा झगा द्यावा तितक्या सहज मी ते काढून तुला दिलं. महिन्यापुरतं म्हणाले होते, तू तर त्याला चौकट करून घेतलीस. वर मलाच चिडवायचीस, "ताई, इथे सगळे मलाच खाइन्झा सिस्टर म्हणतात. तुझं नाव मीच गाजवतेय!" मीही मूर्खासारखी हसायचे. तू पाठवलेले बांबूचे कोंब शेंगदाण्याच्या रश्शात शिजवून मिटक्या मारत खायचे, आणि कायदा विसरायचे.

तुझ्याकडे बाळंतपणाला आलेल्या नेउम्बेला आमच्या वॉर्डात आणलं तेव्हा मीच ड्यूटीवर होते. रक्तानं भिजलेली, शुद्ध नाही. तिच्या सासूनं तुझ्या दवाखान्याची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. खाली सही होती खाइन्झा, नोंदणीकृत परिचारिका, आणि पुढे माझा क्रमांक. अगं, माझीच चिठ्ठी मला! डॉक्टर ओरडत होते, "चार तास कुणी बसवून ठेवलं हिला? नोंदणी असलेली बाई असं करते?" मी खाली मान घालून सलाईन लावत राहिले. नेउम्बे वाचली, पण गर्भाशय काढावं लागलं. बाळ सुखरूप आहे. दुसरं आता होणार नाही.

तिला लगेच पुढे पाठवायला हवं हे तुला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. वेळेत पाठवलं असतं तर 'तिथली नर्स कोण' हे कुणीतरी विचारलं असतं, म्हणून तू थांबलीस. मला राग येतो तुझा, खूप येतो. पण ती भीती मीच तुझ्या भिंतीवर टांगली होती, हे कुणाला सांगू?

ती चिठ्ठी परिषदेकडे गेली. एकच खाइन्झा एका दिवशी वॉर्डातही आणि डोंगरावरही कशी, हे हजेरीवरून परिषदेला कळलंच. माझ्यासोबत काम करणारी मुतोन्यी म्हणाली, "चोरीला गेलं म्हण. बहीण आहे तर काय झालं, तिनं तुझा विचार केला का?" तसं म्हटलं तर माझं नाव राहील, आणि तू चोर ठरून तुरुंगात जाशील. तीन दिवस मी ते वाक्य घोकलंय. आज सकाळी बसमध्येसुद्धा ओठांवर होतं.

मी ते म्हणणार नाही. प्रमाणपत्र मी दिलं, असं सांगणार आहे. सव्वीस वर्षं परिषदेच्या नोंदणी वहीत असलेलं माझं नाव मग काढतील. शिक्षा तुलाही होईल, पण चोर म्हणून नाही. चौकट उतरव, दार बंद कर, आणि दिवस भरलेल्या बायकांना लगेच खालच्या सरकारी केंद्रात पाठव. सोबत फेरपरीक्षेचा अर्ज आहे. परवानगी मिळेल तेव्हा भर, मग कितीही वर्षं लागोत. त्यावर तुला ओळखणाऱ्या नोंदणीकृत परिचारिकेची शिफारस लागते. मी काही लपवलेलं नाही. लिहिलंय, "हिच्या हाताला गुण आहे. रुग्णाला वेळेत पुढे पाठवायला ही घाबरली, कारण मी हिला लपायला शिकवलं." नाव वहीत आहे तोवरच माझी सही चालते, म्हणून आपण वॉर्डात लिहितो तशी वेळही घातलीय, सव्वाबारा. या खेपेला खाइन्झाची सही खाइन्झानंच केलीय.

तुझीच,
ताई