टॉवर त्यांच्या हाती पडू नये म्हणून

शनिवार, ९ नोव्हेंबर
मी घाबरलेली नाही. निरीक्षणं नोंदवते आहे, एवढंच.

नागूचा फोन आला. माझा धाकटा भाऊ, लष्करात ट्रक चालवतो. म्हणाला, "अक्का, पुढच्या हप्त्यात हालचाल हाय. फोनवर न्हाई बोलायचं." आणि ठेवला. दुपारी लष्कराची जीप रामनगरात आली. दोन अधिकाऱ्यांनी पुलाची रुंदी मोजली, मग टेकडीवरच्या मोबाइल टॉवरकडे बघत राहिले. कंपनीची इंजिनिअर म्हणून तो टॉवर माझ्या ताब्यात आहे.

आधी पूल, मग टेलिफोन, मग सत्ता. लष्करी बंडाचा क्रम सगळीकडे हाच. आपल्याकडे असं होत नाही म्हणतात. जिथे झालं तिथेही आदल्या दिवशी हेच म्हणत होते.

रविवार, १० नोव्हेंबर
सकाळी आईने देवळात गाऱ्हाणं घातलं. दर रविवारी घालते. "म्हाराजा, दोन वर्सं झाली, लेक दिसला न्हाई. एकडाव दारावरनं तरी जाऊ दे." शेजारी उभ्या असलेल्याने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. म्हटलं. माझा विश्वास नाही, पण पद्धत आहे.

नंतर तिला सहज विचारलं, सैन्याने दिल्लीत सरकार ताब्यात घेतलं तर? ती भात वाळत घालत होती. "घेऊंदे की. नागूला सुट्टी देतील काय तेवढं इचार."

सोमवार, ११ नोव्हेंबर
झोप नीट नाही. चहा बंद करावा.

खरी भीती लिहून टाकते. नागू हुकूम पाळतो. दुसरीत असताना गुरुजींनी त्याला उभं केलं आणि विसरले. शाळा सुटली, वर्गाला कुलूप लागलं. आई शोधत गेली तेव्हा हा आत उभाच. उद्या कुणी सांगितलं, ट्रक विधानसभेच्या दारात आडवा लाव, तर तो लावेल. सरळ रेषेत लावेल.

निर्णय: टॉवर त्यांच्या हाती पडू द्यायचा नाही. शिवाय फोन बंद तर हुकूम पोचणार कसा? लष्कराचा स्वतःचा वायरलेस असतो, हे मला माहीत आहे. तरीही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
झालं. टॉवरचा मुख्य ब्रेकर बंद केला, फ्यूज काढून डब्यात ठेवला, चपातीखाली. डब्याचं झाकण तीनदा दाबून बघितलं.

संध्याकाळी स्टँडवर गेले. कंडक्टर म्हणाला, जोयड्यात फोन नाही, गणेशगुडीत नाही, अणशीतही नाही. मी एकच टॉवर बंद केला होता. बाकीचे कुणी केले? उमाजीमामाच्या हॉटेलात टीव्ही चालू होता. बातम्यांत क्रिकेट आणि टोमॅटोचे भाव. इतकं सगळं ठीक दाखवतात याचाच अर्थ काय तो घ्यावा.

मामा म्हणाले, "सुनीबाई, इंजिनेर ना तुमी? फोनाचं बघा की जरा!" मी तिथून निघाले. भिंतींनाही कान असतील.

बुधवार, १३ नोव्हेंबर
आले. सकाळीच. बेळगावकडून ट्रकांची रांग, संपतच नाही. दार लावलं, कडी घातली, पडदे ओढले. आईला बघायला जायचं होतं. "अगं, सोड की मला! पोरं हात करत्यात, आपुनबी करू." सोडलं नाही. तिला पलंगामागे बसवलं.

रांग थांबली. एक ट्रक नेमका आमच्या दारासमोर. हॉर्न. परत हॉर्न. थांबून थांबून. कुणीतरी ओरडलंही, इंजिनांच्या आवाजात कळलं नाही. घर हेरून आले आहेत! आई उठायला लागली, मी तिच्या तोंडावर हात ठेवला. मग ते निघून गेले.

मी डगमगले नाही. कडी मात्र संध्याकाळपर्यंत काढली नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
हेड ऑफिसचा तंत्रज्ञ विनोद आला. म्हणाला, "मॅडम, फ्यूज कुठाय? ते तिन्ही टॉवर तुमच्याच टॉवरवरनं जोडलेत की." ती जोडणीची आकृती मीच काढली होती. डबा उघडला. फ्यूजला तूप लागलं होतं.

सिग्नल येताच मेसेज आले. सगळे नागूचे, मंगळवारचे. शेवटचा: "अक्का, फोन लागंना. आता सांगायला परवानगी मिळाली. उद्या सरावाला गोव्याला चाललोय, रामनगरवरनं. खाली उतरायचा हुकूम न्हाई. आईला दारात उभी कर, बघून जातो."

दुपारी उमाजीमामा बेळगावी कुंद्याच्या मिठाईचा पुडा घेऊन आले. रांगेतल्या कुणीतरी ट्रकातूनच, आईसाठी म्हणून, हॉटेलात दिला होता. "पोरगं तुमच्या दाराकडं बघत हॉर्न मारून दमलं. कुठं गेल्ता वो?"

आई पुडा मांडीवर घेऊन बसली. सोडला नाही.

लोकशाही सुरक्षित आहे.

रविवार, १७ नोव्हेंबर
गुरुवारनंतर आई आज पहिल्यांदा बोलली. माझ्याशी नाही, देवाशी. "म्हाराजा, तू ऐकलंस. दारावरनंच आणलास. तुझी चूक न्हाई. परत एकडाव आण. आणि तो येईल तवा हिला टॉवरावर चढवून ठेव."

शेजारी दुसरं कुणी नव्हतं.

व्हय म्हाराजा, म्हटलं.