भरलेली टाकी

२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईचा फोटो मिळाला. चेहरा केवढा गरगरीत झालाय तिचा! तू खाऊ घालतोस म्हणून नव्हे, तेवढा तू प्रेमळ नाहीस. दम्यासाठी सहा वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतेय, त्याची ती सूज. प्रयोगशाळेत दिवसभर लोकांच्या रक्तातली हार्मोन्सच मोजते मी, मला कळतं. त्या गोळ्या आता बंद व्हायलाच हव्यात. कशा करायच्या ते सविस्तर लिहीन. आज कामाचा ढीग आहे आणि उद्यापासून दोन आठवडे ट्रेनिंगला बाहेरगावी जायचंय.

फोनच करणार होते. पण फोनवर आपलं जुंपतं आणि ऐकून तिला धाप लागते, म्हणून तिने घातलेली अट पाळते. जे काय ते पत्रात.

लोभ तुझ्याकडे शिल्लक असेल तेवढा असू दे.

तुझी चिमी

११ जून

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

घरातल्या विदुषीचा हुकूम शिरसावंद्य. पत्र मिळालं त्याच दिवशी गोळ्यांची डबी माझ्या नळकामाच्या पेटीत टाकली आणि पेटीला कुलूप घातलं. सूज उतरेल तेव्हा उतरेल, सध्या नाटकं सुरू झाली आहेत. हातपाय गळाले म्हणते. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, घास पाहिला की मळमळतं. सहा वर्षांची सवय आहे, सुखासुखी सुटतेय थोडीच.

दोनदा गोळी मागितली, अगदी गयावया करून. मी सांगितलं, तुझ्या लाडक्या लेकीनेच बंद केलीय. मग गप्प बसली. कालपासून चहाही अंथरुणात देत नाही, हवा तर स्वयंपाकघरात येऊन पी म्हटलं. आली, भिंत धरून धरून. म्हणजे चालता येतं, बघ.

सविस्तर लिहिणार होतीस, त्याचं काय झालं? असो. माया कमी करू नकोस, मुळात थोडीच आहे.

तुझा दादा

१७ जून

दादा,

आत्ता ट्रेनिंगहून परतले. दाराखाली तुझं पत्र होतं. ती नाटकं नाहीत. चार फोन केले, तू उचलत नाहीस. शेजाऱ्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत. दुपारच्या बसमध्ये जागा नाही, म्हणून हे ड्रायव्हरकडे देते आणि मी संध्याकाळी निघते.

तुझ्या भाषेत सांगते. टाकी भरली की बॉलकॉक वर येतो आणि पाणी बंद होतं. शरीरात तसंच असतं. मेंदू हुकूम सोडतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात, रक्तात ते पुरेसं झालं की मेंदू हुकूम थांबवतो. सहा वर्षं आपण ही टाकी वरून बादलीने भरत होतो. मेंदूला वाटलं, भरलेलीच आहे. त्या ग्रंथी कामाविना आक्रसल्या. आता बादली एकदम काढून घेतली आणि आतून थेंबही येत नाही. कॉर्टिसॉलशिवाय रक्तदाब टिकत नाही, माणूस हातचा जातो.

पेटी उघड. तिला लगेच गोळी दे आणि तशीच दवाखान्यात ने, गोळ्या एकदम बंद केल्या असं सांग, ते इंजेक्शन देतील. या गोळ्या महिनोन्महिने थोड्या थोड्या कमी करायच्या असतात. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

चिमी

२ जुलै

चि. चिमीस,
आशीर्वाद.

तीन दिवस घरात होतीस आणि आपण कामापुरतंही बोललो नाही. त्या दिवशी ड्रायव्हर पाच वाजता आला. आई चारला गेली होती. तिच्या उशाशी बसून मी तुझं पत्र वाचलं. टाकीचं एका वाचनात कळलं. वीस वर्षं मी दुसरं काय करतोय? पहिल्या पत्रात ती एक ओळ घालायला तुला वेळ नव्हता. मला विचारून घ्यायला वेळ होता. पण तुझं नाव घेतलं की ती गप्प व्हायची, याची मला मजा वाटत होती. हेही लिहून टाकतो.

निघताना दारात तू एवढंच विचारलंस की फोन का उचलला नाहीस. त्याचं उत्तर आता देतो. चारही वेळा तो तिच्याजवळच वाजत होता. चौथ्यांदा मी हात पुढे केला, तर तिने माझं मनगट धरलं. पाण्याचा पेला उचलायची ताकद नव्हती तिच्यात, तरी धरलं. म्हणाली, उचलू नकोस, तुम्ही दोघं भांडाल.

मी उचलला नाही. लोभ मागत नाही. पत्र लिहीत जा.

तुझा दादा