लिहून देणार आम्ही, लिहून घेणार आम्ही

बोईसर, ता. ५ फेब्रुवारी १९६३

चि. कृष्णकांत यास विश्राममामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझी आई खुशाल आहे, पण नोटीस आली आहे. तिचं घर आणि चिकूची वाडी सरकारी कामाला हवी. हरकत येत्या सोमवारी पालघरला साहेबापुढे सांगायची.

तू दिलेलं घटनेचं पुस्तक वखारीत बसून उघडलं आणि पहिल्याच पानावर अडलो. जन्मभर खरेदीखतं पाहिली. लिहून देणार एक, लिहून घेणार दुसरा. इथे देणारे आम्ही भारताचे लोक आणि घेणारेही आम्हीच. मग ताईची वाडी मागणारा हा तिसरा कोण? तू मास्तर, उलगडा कर. पगार त्याचाच घेतोस.

मामावर लोभ ठेव. रागावलास तरी चालेल, उत्तर मात्र धाड.
विश्राम

पालघर, ता. ७ फेब्रुवारी

ती. मामांस कृष्णकांतचा सा. न. वि. वि. हेडमास्तर म्हणाले, आपण निवडून दिलेले लोक आपल्याच वतीने मागतात. मला पटलं. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि पटेनासं झालं. मालमत्तेचा हक्क पुस्तकात आहे, आणि लोकांच्या कामासाठी मोबदला देऊन ती घेता येते, हेही त्यातच आहे.

सोमवारी शाळेची तपासणी आहे, मला सुटता येणार नाही. आईला सांगा, समजल्याशिवाय अंगठा नको. आईवर आणि माझ्यावर माया असावी.
आपला कृष्णकांत

बोईसर, ता. १२ फेब्रुवारी

चि. कृष्णकांत यास अ. आ. साहेब सभ्य होता. देश लोकांचा, काम लोकांचं, असं समजावून त्याने संमतीचा कागद पुढे केला. तुझ्या आईने विचारलं, त्या लोकांत मी हाय का. साहेब म्हणाला, आहात की. मग देशाच्या पैल्या कागदावर माजा आंगठा कुटं हाय, असं तिने विचारलं. त्याची गरज पडली नाही, सगळ्यांच्या वतीने झालं, असं तो म्हणाला. तर ती म्हणाली, तवा नाय लागला, मंग आज कशाला लागतो.

कारकून हसला. साहेब हसला नाही. शेवटी त्याने तिचं बोलणं हरकत म्हणून उतरवायला सांगितलं. कारकुनाने वाचून दाखवलं, त्यात 'हाय'चं 'आहे' केलं होतं, ते तिने खोडायला लावलं, पुन्हा वाचून घेतलं, आणि मग त्या हरकतीखाली अंगठा दिला.

वाडी राहते की जाते, साहेबालाही ठाऊक नसावं. मला तर आपण जिंकलो की हरलो तेही कळेना. बाहेर आल्यावर ताईलाच विचारलं. म्हणाली, वाडीचं मला नाय माहीत, पण आता त्यांच्या कागदात मी हाय.

रविवारी येऊन आईला भेट, मामाला जमलं तर.
विश्राम