लाल लुगड्याचा मास्क

२१ मार्च २०२०, शनिवार

हो गं बाय, धुतले हात! परत धुतले! आता काय कातडी सोलून दाखवू?

नॅन्सीचा फोन होता. पोरगी गोखिवऱ्यात बसून इथे नंदाखालला माझे हात धुवायला लावते. आय, तू सत्तरीच्या पुढची. आय, तुला साखर. आय, तो रोग तुझ्यासारखीला पहिला धरणार. म्हटलं, तुझा बाप गेल्यापासून मला कोणी धरलेलं नाही, येऊ दे की! ती फिसकन हसली.

मग म्हणाली, त्या डॉक्टरकडे जायचं होतं ना तुला? म्हटलं, जाऊन आले. काय म्हणाला? म्हणाला, ठणठणीत आहात, दुसरं लग्न करायला हरकत नाही.

तिने फोनच ठेवला. बरं झालं.

घाबरायचं काय त्यात? मी नाही घाबरत.

२२ मार्च

संध्याकाळी सगळ्या गल्लीने थाळ्या बडवल्या. समोरच्या ओट्यावर सालोमी पण! मांडीवर परात ठेवून उजव्या हाताने पळी आपटत होती. डावा हात रक्त धुण्याच्या मशीनचा, त्याला त्रास द्यायचा नाही. कुत्री पळाली. रोग पळाला का, बघू.

२५ मार्च

सगळं बंद. रिक्षा नाही, चर्चात मिस्सा नाही, मासळीवाली नाही. गल्लीच्या तोंडाशी पोरांनी बांबू आडवा बांधलाय. त्यांचंच मांजर त्याखालून ये-जा करतं, त्याला कोणी विचारत नाही.

सालोमीची सून रिचेल नारळ साबणाने धुते. खरंच! मी माझ्या ओट्यावरून ओरडले, रिचेल, झाडावरच धू ना, वर चढ! ती बिचारी म्हणाली, मावशी, हसू नका, घरात पेशंट आहे.

ते मात्र खरं. सालोमीच्या दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी वसईच्या दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. दोनदा चुकलं की अंगात पाणी भरतं. तिसऱ्यांदा चुकलं तर काय, ते रिचेल बोलत नाही, नुसतं कपाळाला-छातीला बोटं लावून खुरीस करते.

काल पोलिसांना फाइल दाखवून जाऊन आली म्हणे. गल्लीतल्या डेरिकच्या टेम्पोतून. त्याला भाजी आणि केळ्यांचा पास आहे. म्हणजे सालोमी आता भाजीत मोडते. ते पण तिला ऐकवलं. ती म्हणाली, तू आंबाडीची भाजी, मार्था, मेली आंबट.

२९ मार्च, रविवार

मिस्सा मोबाईलवर. फादर मध्येच अडकले, हात वर करून तसेच. मी चहा ठेवून आले तरी हात वरच.

दुपारी आम्ही दोघींनी लुगडी उन्हात घातली. ईस्टरच्या आधी दरवर्षी घालतो. लग्नातलं लाल लुगडं. आमच्याकडच्या जुन्या बाया ते पेटीत जपतात आणि शेवटी तेच नेसून मातीत जातात. माझ्या सासूला मीच नेसवलं होतं. सालोमी आणि मी एकाच महिन्यात या गल्लीत लग्न होऊन आलो, लुगडी एकाच दुकानातली. दरवर्षी एकाच दोरीवर घालतो, मग भांडतो, तुझं फिकट झालं की माझं.

यंदा दोन दोऱ्या. तिची तिच्या अंगणात, माझी माझ्या.

मी ओरडले, तुझ्याला कसर लागली गं!
ती ओरडली, तुझ्याला तू लागलीस!

मग सालोमीने लुगड्याचा काठ चाचपला. म्हणाली, मार्था, तो व्हिडिओ पाहिलास? दवाखान्यातून मेलेल्याला प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात. चेन लावून. घरच्यांना हात पण लावू देत नाहीत.

म्हटलं, मोबाईल फेकून दे तो.

तिने लुगडं दोरीवरून ओढलं आणि आत गेली. हे मला आवडलं नाही.

३१ मार्च, मंगळवार

सालोमी मशीनवर गेली नाही!

डेरिकने गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा केला, दोनदा हॉर्न मारला. बाई आतून उठेना. आज बरं नाय वाटत, शुक्रवारी जाईन म्हणे. मी बांबूच्या अलीकडे उभी राहून बोंबलले, बरं नाय म्हणूनच जायचं असतं, गाढवे! शेजारच्या प्रिस्काने खिडकी लावून घेतली, थुंकी उडेल म्हणून. वीस पावलांवरून! मी काय तोफ आहे?

३ एप्रिल, शुक्रवार

आजही नाही.

मी मग नियम-बियम सोडला. तोंडाला पदर बांधला आणि तिच्या घरात शिरले. रिचेल म्हणाली, मावशी, लांबून. हो, लांबून. पलंगाच्या पायथ्याशी बसले. पाय सुजून भोपळा झालेत. बोट दाबलं तर खड्डा पडतो तो भरतच नाही. आडवी झाली की धाप लागते, म्हणून उशा रचून बसवलंय. कुवेतवरून तिच्या लेकाचा, बेसिलचा, फोन चालू होता. एवढा बाप्या माणूस, आय आय करून रडत होता. सालोमी त्याला सांगते, रडू नको, तिकडे मास्क ओला होईल.

फोन संपला. मी म्हटलं, आता खरं बोल.

बोलली. थांबून थांबून बोलली.

"तिकडे सगळे तापाचे पेशंट येतात. मला लागला, तर मी तिकडेच जाणार. पिशवीत घालतील. मार्था, मी लुगड्याशिवाय नाय जाणार. इथे मेले तर तू नेसवशील."

"आणि मी नाही नेसवलं तर?"

"तू नेसवशील. शिव्या देत नेसवशील."

रिचेल दारात उभी, पदर तोंडात कोंबून.

एरवी मला उत्तर सुचतं. आज नाही सुचलं. घरी आले, ताट वाढलं आणि तसंच झाकून ठेवलं.

४ एप्रिल, शनिवार

सुचलं!

सकाळी पेटी उघडली. लुगडं काढलं. त्यातल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास अजून तसाच. कात्री घेतली आणि तशीच सालोमीच्या अंगणात गेले. तिच्या खिडकीसमोर उभी राहिले, लुगडं दोन हातांत धरून तिला दाखवलं. ती म्हणाली, काय करतेस गं? आणि मी काठापासून कात्री घातली. टर्रर्र! नऊवारात एवढा आवाज असतो, मला माहीत नव्हतं.

सालोमी किंचाळली. जिला श्वास घेता येत नव्हता ती किंचाळली! "रांडे, वेड लागलं का तुला!"

रिचेल धावत आली. प्रिस्का पण खिडकी उघडून बघायला लागली.

घरी येऊन शिलाई मशीनवर बसले. दुहेरी कापड, चार नाड्या. नवरा असताना गल्लीतल्या निम्म्या झंपरांना मीच शिवण घातलीय, मास्क म्हणजे काय मोठंसं. परत गेले आणि तिच्या तोंडावर बांधला. तिने हात आडवा घातला, तो बाजूला केला.

"हे घे लाल लुगडं. अंगावर नाही, तोंडावर. तिथे काय झालंच, तर लुगड्यातच गेलीस. चेन लावायच्या आधी सांग, मार्थाने नेसवलंय. आणि तुझं आख्खं पेटीत आहे, ते परत येऊन बघ. मी त्याला हात लावला नाही."

तिचे डोळे नुसते पाण्याने भरलेले, अंगात भरतंय तेच पाणी असेल.

"आणि तू? तू कशात जाणार?"

"मी जातेच कशाला!"

हसली. धाप लागली तरी हसली. मास्क पुढे-मागे फुगत होता. म्हणाली, डेरिकला बोलव.

डेरिक सकाळचीच फेरी मारणार होता. पुढे सालोमी आणि रिचेल. मी मागे चढले, केळीच्या घडांमध्ये. डेरिक ओरडतो, मार्थामावशी, उतरा, म्हाताऱ्यांना बंदी आहे! म्हटलं, म्हाताऱ्यांना असेल, मला काय त्याचं.

नाक्यावर पोलीस. काठीने ताडपत्री उचलली तर मी. बिचारा मागे सरकला.

"आजी! कुठे चालला?"

"विकायला."

"केळी की तुम्ही?"

"जे आधी खपेल ते."

"वय काय?"

"आधी तुझं सांग, जमतंय का बघते."

त्याने दुसऱ्या पोलिसाकडे पाहिलं. सालोमीची फाइल पाहिली, सालोमीकडे पाहिलं, मग हसणं दाबून काठी बाजूला केली. ताडपत्रीखालीच राहा म्हणाला, साहेब पुढे आहेत. राहिले. घडांत कोळी होता, तो पण राहिला.

दवाखान्यात दारातच कपाळाला बंदूक लावून ताप बघतात. सालोमीला चाकाच्या खुर्चीतून आत नेलं. नर्सने तिचा मास्क पाहिला. छान रंग आहे, म्हणाली. सालोमी म्हणाली, लुगडं आहे ते, उसवू नका.

मला आत सोडलं नाही. जिन्याखाली बाकावर बसले. पाटीवर लिहिलं होतं, दुसरा मजला, कुठले कुठले डॉक्टर. मला काय करायचंय. बसून राहिले. उठले नाही.

दुपार कलून गेली तेव्हा तिला बाहेर आणलं. चेहरा सुरकुतलेला, पण पायांची सूज उतरलेली. मला बघून पहिलं वाक्य काय? "पेटीला हात लावला नाहीस ना?"

५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

झावळी घरच्या माडाची. दारावर बांधली. फादर नाही, झावळीवर पवित्र पाणी शिंपडायला कोण नाही, म्हणून मीच शिंपडलं. आकाशातल्या बापाला तेवढं समजत असेल.

सालोमी ओट्यावर उभी! दहा मिनिटं तरी. मास्क दोरीवर वाळत, एकटाच, लाल.

७ एप्रिल

मंगळवार. सालोमी स्वतः उठून गेली. डेरिकने हॉर्न मारायच्या आधी दारात उभी. बांबूपाशी वळून मला ओरडली, ए, तू नाय येत का केळीत?

म्हटलं, एकदा विकले गेले नाही, आता भाव उतरलाय.

प्रिस्काने खिडकीतून हळूच विचारलं, मला पण शिवशील का एक? जिने वीस पावलांवरून माझी थुंकी मोजली! शिवला. तिचा जरा मोठा शिवला, तोंडाप्रमाणे.

मग गल्लीतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना माझ्या उरलेल्या लुगड्याचे शिवले. ज्यांना जिना चढता येत नाही, ज्यांना दमा, ज्यांना साखर. ताप आम्हाला आधी धरणार म्हणे. धरू दे, आधी लाल तोंडं बघेल आणि दचकेल. नॅन्सी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, आय, तुमची गल्ली म्हणजे दरोडेखोरांची वाटते.

म्हणाली, कापड कुठलं? म्हटलं, जुना पडदा.

एक मास्क जास्तीचा शिवला. उशाखाली ठेवलाय.

१० एप्रिल, गुड फ्रायडे

क्रुसाची वाट प्रत्येकीने आपापल्या ओट्यावरून म्हटली. एक इकडून सुरू करते, दुसरी तिकडून उचलते. सालोमीचा आवाज मध्येच मोठा आला. मागच्या शुक्रवारी तिला तीन शब्द सलग जमत नव्हते.

संपल्यावर विचारते, मार्था, तू आज उजवा हात वर नाय केलास. खांदा धरलाय का?

म्हटलं, तुझ्या लुगड्याला कात्री लावायची म्हणून जपून ठेवलाय.

ती हसली नाही.

१२ एप्रिल, ईस्टर

सालोमीने रिचेलकडून बोलावणं धाडलं. अंगणात ये, लांब उभी राहा. गेले. तिने पेटी बाहेर आणायला लावली. लुगडं काढलं. मला वाटलं, उन्हात घालणार. तर रिचेलच्या हातात कात्री!

"सालोमी, नको! मी तुला काय सांगितलं होतं!"

"तू गप. नऊवार आहे, मी काय एवढी जाडी आहे? दोघींना पुरेल."

मधोमध कापलं. रिचेलची रेष वाकडी गेली. अर्धं घडी करून अंगणाच्या भिंतीवर ठेवलं आणि मागे सरकली, मी येऊन उचलायचं म्हणून.

"आता तुला पण कशात जायचं ते आहे. म्हणजे आता तुला पण जायला हरकत नाय. जिथे जायचं राहिलंय तिथे."

कुठे, असं मी विचारलं नाही. तिने पण सांगितलं नाही. पन्नास वर्षं समोर राहते मेली. सगळं बघते.

घरी येऊन ते लुगडं मांडीवर घेऊन बसले. जेवण करपलं.

१३ एप्रिल

डेरिकला सांगितलं, उद्या टेम्पोत दोघी. आणि मला घडांत नको, पुढे बसव. तो म्हणाला, मावशी, तुम्ही कशाला? म्हटलं, दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी तरणा डॉक्टर आहे.

आता तुला सांगते, वही. तुला पण नव्हतं सांगितलं. उजव्या छातीत गाठ आहे, लिंबाएवढी, हात वर केला की ओढते. डॉक्टर फेब्रुवारीतच म्हणाला होता, सुई घालून बघावं लागेल, लवकर या. मी परत गेलेच नाही. रोगराईचा काही संबंध नाही त्यात, तेव्हा सगळं उघडं होतं.

मी घाबरले होते.