आईने शिवलेलं अस्तर

बाबा, लिहिण्यात चुका असतील, सॉरी. नववीत शाळा सोडली ना. नौपाड्याच्या क्लासात मराठी टायपिंग आत्ताच शिकतेय, एकेक अक्षर शोधत बसते. बाईंना वाटतं प्रॅक्टिस चाललीय.

ते हेल्मेट मला आठवतं. काकाने गल्फवरून तुझ्यासाठी आणलेलं, सायकलवर घालायचं. आतलं थर्माकोल तुला टोचायचं. "डोक्यावर भट्टी ठेवलीय गं," म्हणायचास. मग आईने ते सगळं उचकटलं, त्याची गणपतीच्या मखराला फुलं कोरली, आणि आत जुन्या साडीचं मऊ अस्तर शिवलं. काय खूश झालेलास! पाव घेऊन निघालास की पोरं ओरडायची, "ओ अंतराळवीर, दोन लादी चंद्रावर!" नंतर खोपटच्या वळणावर वाळूत सायकल सरकली. डोकं आपटलं. हेल्मेटला तडासुद्धा नाही, आणि तू उठलाच नाहीस. लोक म्हणाले, नशीब.

आता मी टीव्हीच्या कंपनीत पॅकिंगला आहे. मध्ये थर्माकोल संपलं म्हणून मी खोक्यात चिंध्या भरल्या. सुपरवायझर म्हणतात, "काय गं, टीव्हीला झोपवतेस काय? चिंधी लगेच चेपते, मार सरळ काचेला. थर्माकोल हळूहळू दबतं, स्वतः मोडतं, मार आपल्या अंगावर घेतं. म्हणून एकदा दबलेलं परत वापरायचं नाही." सगळ्या बायका हसल्या. मला तुझं डोकं दिसलं.

तुझी पावाची लाईन, ती घरोघरची फेरी, आता धाकटा करतो. आई रोज सकाळी तेच हेल्मेट त्याला घालते, पट्टा लावते, म्हणते, "बाबांचा हात आहे डोक्यावर." तिला काय सांगू? "आई, तू शिवलेलं काही कामाचं नव्हतं," असं? तो तसाच जायचा आणि मी चहा पीत बघायचे. लाज वाटते रे. शेवटी एक दिवस हेल्मेट खाडीत टाकलं, आईला म्हटलं हरवलं. तिने थोबाडीत दिली. "बापाची एक वस्तू सांभाळता येत नाही तुला?"

मग त्याला नवीन आणलं, आत थर्माकोलवालं. आईने बोट फिरवून बघितलं. "हे टोचेल पोराला. थांब, अस्तर शिवते."

"नको!" मी केवढ्याने ओरडले. का नको, ते तिला अजून सांगितलेलं नाही. हा कागदही घरी नेणार नाही, तिच्या हाती लागेल.

आणि हां, आपल्या कोपरीत आता पाणी दोन वेळ येतं.