मस्कतहून आलेला दगडू

४ फेब्रुवारी १९८५, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
आज ऑफिसात खुर्च्या मांडताना साहेबांचं भाषण ऐकलं. साहेब म्हणजे श्यामकांत तळपदे, वकील, आमच्या ‘नवी वाट’ संस्थेचे सेक्रेटरी. जेलमधून सुटलेल्यांना, पॅरोलच्या रजेवर आलेल्यांना समाजात परत बसवायचं, हे आमचं काम. साहेब म्हणाले, या लाईनीत पगारी माणसं पुष्कळ, लीडर नाहीत. हे बोलताना माझ्याकडे बघितलं. चहा आणायची खूण पण केली, ती वेगळी गोष्ट.
शिक्षण चौथी. पण लीडरशिप रक्तात लागते. थळला बापाच्या होडीवर हुकूम मीच सोडायचो. बाप ऐकायचा नाही.
संकल्प: रोज दाढी. रोज नवे इंग्रजी शब्द. पान बंद. आधी ऑफिसर, मग सुपरिटेंडेंट, मग दिल्ली.
आईला गावी कळवलं, ऑफिसर झालो. होणारच आहे, मग परत कशाला कळवा.

६ फेब्रुवारी, बुधवार
चान्स! आमच्या फील्डवर्कर सुमतीबाईंना कावीळ. त्यांची केस माझ्याकडे.
दगडू परब. गिरणी कामगार. संपात गेटवर मारामारी झाली, कामावर जाणाऱ्या एकाचं डोकं फुटलं. सात वर्षं. मुलीच्या लग्नासाठी पॅरोल मिळालाय, रोज पोलीस चौकीत हजेरी द्यायची.
साहेब म्हणाले, हरेश्वर, तू त्याच्यासोबत चौकीपर्यंत जायचं, सही झाली की परत फणसवाडीला ऑफिसात यायचं. आणि तोंड बंद ठेवायचं.
तोंड बंद म्हणजे गुप्त जबाबदारी. सुमतीबाईंना असं कधी सांगितलेलं ऐकलं नाही.

७ फेब्रुवारी, गुरुवार
डिलाईल रोडला गेलो. दगडूची बायको सुभद्रा मुलगी कांताला घेऊन इथे भावाच्या खोलीत राहते. आधी लालबागला होती. नवऱ्याला शिक्षा लागली तशी तिने जागा बदलली. इथे चाळीत सांगितलंय, नवरा मस्कतला कामाला. वरळीच्या व्याह्यांना पण तेच. दगडूला गॉगल घातलाय. फॉरेनचे साबण उसने आणून खिडकीत मांडलेत.
मला दारातच म्हणाली, भावोजी, हय काय बोलूचा नाय हां, पाया पडतंय.
म्हटलं, वहिनी, निश्चिंत राहा.
शेजारचे जगदीशमामा दगडूला विचारत होते, काय रे, कसं काय तिथे? दगडू म्हणाला, जेवण टायमावर. पण कंपाउंडाबाहेर सोडत नाय. मामा म्हणाले, गल्फ तसंच रे, आमचा मेव्हणा पण हेच रडतो. मला हसू फुटलं. कांताने अशी नजर रोखली की कप खाली ठेवला.
दगडू चालताना हात मागे बांधतो. रस्ता ओलांडताना मी ‘चल’ म्हणेपर्यंत उभाच. एका दिवसात एवढा परिणाम! साहेबांना सांगायला पाहिजे.

८ फेब्रुवारी, शुक्रवार
दोन पानं खाल्ली. कामाचं टेन्शन.
दाढी राहिली.
डोक्यात एकच. साहेब भाषणात म्हणाले होते, समाजाने कैद्याला उघड स्वीकारलं पाहिजे. उघड! आणि इथे गॉगल. चौकीतून येताना दगडूला विचारलं, असं चोरून राहायला कसं वाटतं? म्हणाला, पोरीचा लगीन होवंदे रे बाबा, मग काय ता.
म्हणजे सत्य त्याला पण हवंय. हिंमत नाही. हिंमत देतो तो लीडर.

१० फेब्रुवारी, रविवार, सकाळी
आज साखरपुडा. पुढच्या रविवारी लग्न.
लवकर गेलो. चाळीच्या तोंडाशी मंडळाचा फळा असतो. कोण वारलं, कोण पास झालं, सगळं त्यावर. रंगीत खडू देवळीत ठेवलेलेच असतात. थळला होड्यांवर नावं मीच रंगवायचो, माझ्या अक्षराला कोळीवाड्यात मान होता. भोवती झेंडूची वेल काढली. मधे लिहिलं:
‘गिरणी संपात शिक्षा झालेले व आता सुधारत असलेले आपले बंधू श्री. दगडू परब पॅरोलवर घरी आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! चि. कांता हिस शुभाशीर्वाद. आपला, हरेश्वर (लीडर, नवी वाट).’
तोंड बंदच ठेवलं. एक शब्द बोललो नाही.
कोपऱ्यावर उभं राहून लिहितोय. व्याही टॅक्सीतून उतरतायत.

१० फेब्रुवारी, रविवार, दुपारी
मुलाच्या काकांनी फळा मोठ्याने वाचला. सावकाश, लग्नातली मंगलाष्टकं म्हणावीत तसा. मग साडीचं ताट, नारळ, सगळं तसंच परत टॅक्सीत ठेवलं. आरडाओरडा नाही. म्हणाले, मुलीबद्दल आमचा काय म्हणणा नाय, पण आमका मस्कत सांगितलेला.
टॅक्सी गेली.
जगदीशमामा वर आले. दगडूचा गॉगल त्यांनीच काढला. म्हणाले, अरे मेल्या, आम्हाला सांगितलं असतंस तर खाल्लं असतं काय तुला? अर्धी चाळ संपात उपाशी बसलेली.
म्हणजे माझं बरोबरच होतं. समाज तयार होता. फक्त व्याही तयार नव्हते.
सुभद्रावहिनी शिव्या देईल वाटलं. म्हणाली, चाय घेतलंस? मग जा आता.

११ फेब्रुवारी, सोमवार
साहेबांना रिपोर्ट दिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मुद्दे तयार होते.
संध्याकाळी चौकीत दगडू हवालदाराला म्हणाला, साहेब, रजा उरली ती नको. लवकर परत जाऊक मिळता काय? हवालदार म्हणाला, येडा आहेस काय? अशी मागणी त्याने कधी ऐकली नव्हती.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
दगडू उरलेली रजा सोडून जेलला परत निघाला. एसटी स्टँडवर त्याला सोडलं. घरचं कोणी नव्हतं. त्यानेच येऊ नका म्हणून सांगितलं होतं. मी भाषण तयार केलं होतं, खचायचं नाही वगैरे. तो गाडीत चढला, खिडकीतून म्हणाला, हरेश्वर, तुझा अक्षर मात्र बरा आसा.
टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

२ मार्च, शनिवार
बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. फील्डवर सुमतीबाई परत. मी चहावर.
आज कांता ऑफिसात आली. इतकी वर्षं आईने तिला जेलवर जाऊ दिलं नव्हतं, कोणी बघेल म्हणून. आता कांता म्हणाली, बघायचं काय राहिलंय? मला विचारलं, भेटीला काय काय लागतं? कुठल्या गेटला जायचं?
मला माहीत नव्हतं. जेलच्या दारापर्यंत मी कधी गेलोच नाही. साहेबांनी तिला चिठ्ठी लिहून दिली.

९ मार्च, शनिवार
कांता जाऊन आली. सरळ ऑफिसातच आली. चहा दिला, तिने घेतला नाही.
दगडू भेटायला बाहेर आला नाही. जेलच्या शिपायाने येऊन तिला सांगितलं, दगडू परब म्हणतो, माझी मुलगी सासरी नांदते, भेटायला कोण येणार? परत आत गेला त्या दिवशी त्याने सगळ्या बरॅकला गूळ-शेंगदाणे वाटले. लेकीच्या लग्नाचे.
मी म्हणणार होतो की सत्य… म्हटलं नाही.
कांता म्हणाली, माझंच चुकलं. गळ्यात काहीतरी घालून जायला हवं होतं.
मग मला म्हणाली, हरेश्वर, इथे जवळ काळी पोत कुठे मिळते रे? खोटी चालेल.
ते मला माहीत होतं. भुलेश्वरला घेऊन गेलो. तिने आरशात न बघता एक घेतली. हिरव्या बांगड्या घेतल्या. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, साहेब, तुम्ही घाला ना हिच्या गळ्यात.
म्हटलं, मी साहेब नाही. मी शिपाई आहे.
तिने स्वतःच घातली. मागचा फासा लागत नव्हता, तो दुकानदाराच्या बायकोने लावून दिला.